सोमेशनं विकलेला लॅपटॉप

लातूर
३ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

खोक्यात लॅपटॉप हाय, ट्रॅव्हल्सवाल्याकडून नीट उतरवून घे. पंचमीला आलीस तेव्हा म्हणालीस ना, अल्बमचं काम करता करता जुना सारखा बंद पडून राहिलाय. म्हणून घेतला. पण कुणाचा हाय ते ऐक.

गंजगोलाईजवळच्या दुकानात मोबाईलची काच बदलायला गेले होते. तिथं कोण यावं? सोमेश. मी पदर पुढं ओढून खांबाआड झाले. त्यानं पिशवीतनं हा लॅपटॉप काढला. “सगळं उडवलंय, पासवर्ड पण काढलाय, काय द्यायचं ते द्या,” म्हणाला अन् गेला. त्याची गाडी वळायच्या आत मी दुकानदाराला म्हणाले, हाच मला पाहिजे.

आता नीट वाच. एवढ्यात पुसू नकोस. आधी आत काय हाय ते बघ. सहा वर्षांपूर्वी त्या माणसानं तुला वेडी ठरवून घराबाहेर काढलं. आज तोच छाती काढून फिरतो. औंदा समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा अध्यक्ष झालाय म्हणे! त्याचं काहीतरी सापडंल. दारूचं, बाईचं, कशाचं पण. तू फक्त शोध, गावभर करायचं काम माझं.

फोनवर यातलं काही बोलू नकोस. माझा फोन सारखा बसवंतच्या हातात असतो. पोटचा पोरगा हाय, पण तुझं लग्न मोडल्यावर सुद्धा त्यानं सोमेशबरोबरची डाळमिलची भागीदारी सोडली न्हाई. पत्रच टाक. पोस्टमन येतो तेव्हा बसवंत मिलवर असतो.

तुझी
रत्नम्मा आत्या

*

नांदेड
८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न.

खोकं आधी उघडलं, पत्र नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर त्याला हातही लावला नसता.

त्यानं काय केलं ते तुला ठाऊक आहे. कसं केलं ते मी कधी सांगितलं नाही. मी लग्नाआधीपासून अल्बम करत होते, तुला आठवत असेल. त्या दिवशी मी पोळ्या करत होते. त्यानं हाक मारली, “ये, गंमत बघ.” गेले तर माझ्या लॅपटॉपवर एक पट्टी पुढं सरकत होती. “फॉरमॅट मारून राहिलोय,” म्हणाला. “आता तुझं संसारात लक्ष लागंल.” माझं सगळं काम त्यात होतं. मी किंचाळले. हातातली परात भिंतीवर मारली. त्याच्या आईनं शेजारणींना ती पोचा पडलेली परात दाखवली आणि तिथून मी वेडी झाले. पुढं डॉक्टरचा कागद आला, बैठक झाली, मी नांदेडला आले.

तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. नुसतं उडवलं म्हणून माहिती जात नाही. नावं जातात, माल डिस्कवर तसाच पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. माझं काम त्या दिवशी बहुतेक परत मिळालं असतं. हे मला इथं आल्यावर कळलं आणि मग मी ते काम शिकूनच घेतलं. आज हदगावपासून कंधारपर्यंतचे फोटोवाले उडालेले फोटो परत काढायला माझ्याकडं येतात.

म्हणून सांगते, जुना लॅपटॉप घेतला की आपलं काही टाकायच्या आधी सगळी डिस्क पुसायची, नुसतं डिलीट नाही, पूर्ण वरून लिहून काढायची. हातातला अल्बम संपला की मी तेच करणार आहे. त्याच्या घाणीत मला हात घालायचा नाही.

एक मात्र विचित्र आहे. चालू केल्यावर पडद्यावर सोमेशचं नाव येत नाही. “मंजुश्री” असं येतं.

तुझी
सुकन्या

*

लातूर
१३ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्या,

मंजुश्री म्हणजे त्याची दुसरी. तुझ्या जागी येऊन बसली ती. लग्नाला आपल्याकडनं बसवंत सहकुटुंब गेला होता, मी गेले न्हाई. श्रावणात दोनदा सिद्धेश्वराच्या देवळात दिसली. मान वर करत न्हाई, कुणाशी बोलत न्हाई. लई गर्व.

तिचा असंल तर आणखी बरं. बायकोचं काही निघालं की नवऱ्याचं नाक आपोआप कापलं जातं. तुझं नाव चौकाचौकात घेतलं तेव्हा कुणी म्हणालं का, की जाऊ द्या, परक्याची लेक हाय? मग तू का म्हणतीस?

पुसायचा असंल तर पूस. पण मग पुन्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडू नकोस.

आत्या

*

नांदेड
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न.

पुसला नाही. तुझं पत्र आलं, मला राग आला, आणि त्या रागातच डिस्क काढून माझ्या कॉम्प्युटरला जोडली. तिच्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये म्हणून असं करतात. मग उडवलेलं परत काढलं. मला वाटलं, बघू तरी.

सोमेशचं त्यात काही नव्हतं. सगळं मंजुश्रीचं. बी.एड.ची प्रमाणपत्रं, नोकरीचे अर्ज. आणि “साडी डिझाईन” नावाच्या फोल्डरमध्ये साडी एकही नाही. मनगटाचे फोटो, पाठीचे फोटो, आणि आवाज. तिनं मोबाईल लपवून त्याचं बोलणं टिपलंय आणि लॅपटॉपमध्ये जपून ठेवलंय. कुणाला तरी दाखवायचं असणार तिला. त्याच्या आतच यानं लॅपटॉप विकला. बायको नोकरी शोधते एवढंच त्याला कळलं असावं. यातलं माहीत असतं तर विकला नसता, फोडला असता.

एका ठिकाणी तो काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहिते.

“पहिलीला काय झालं होतं? काही न्हाई, धडधाकट होती. वेडी हाय म्हणून गावभर केलं, कागद करून आणला, बस. आलं का कुणी विचारायला? तुला पण तसंच घालवीन.”

आत्या, हे मी उभ्यानं ऐकलं. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मला दोन स्थळं आली होती, दोन्ही “डोक्याचं” ऐकून परत गेली. आई अजून मला बाहेरच्यांसमोर जोरात हसू देत नाही. आणि तो म्हणतो, काही न्हाई, धडधाकट होती. तो समोर असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्याचा मेळावा मला पाहिजे. भरल्या मांडवात त्याच्याच तोंडचं हे त्याला ऐकवायचं आहे.

पण मंजुश्री त्या घरात आहे. हे बाहेर आलं तर कुणी टिपलं ते त्याला लगेच कळेल. आधी ती बाहेर पाहिजे. तू तिला एकटीला गाठ. एवढंच सांग, की तुझं सगळं सुकन्याकडं सुखरूप आहे. दुसऱ्या कुणाला चकार शब्द नको.

मी सोडणार नाही. फक्त थांबणार आहे.

सुकन्या

*

लातूर
३ सप्टेंबर २०२५

चि. सुकन्या,

पत्र वाचून माझं अंग पेटलं. धडधाकट होती म्हणतो! सहा वर्षं मी बायकांच्या नजरा झेलल्या, की हिची भाची ती वेडी. तू थांब म्हणतीस, पण मला थांबवंना.

महालक्ष्म्यांच्या हळदी-कुंकवाला सोमेशची आई भेटली. चार बायकांत बसून मला म्हणते कशी, “तुमच्या भाचीचं औषध-पाणी चालू हाय ना?” मी म्हणाले, “तिला औषध लागतच नव्हतं, हे तुमच्या पोराच्या तोंडचं आमच्याकडं हाय. मेळाव्यात ऐका.” सुकन्या, तिचं तोंड बघायला पाहिजे होतंस तू! हातातला पेढा तसाच हातात राहिला.

मंजुश्रीला गाठायचं जमलं न्हाई. आन् ती तुझी कोण लागते?

आत्या

*

नांदेड
६ सप्टेंबर २०२५

आत्या,

काय केलंस तू हे!

त्याच्या आईनं घरी जाऊन काय सांगितलं असेल? तो कुणाकडं बघेल? त्या घरात त्याचा आवाज टिपणारं दुसरं कोण आहे? ती गर्वानं मान खाली घालत नव्हती आत्या. मीही त्या घरात मान खाली घालूनच चालत होते. तेव्हा तू मलाही विचारलं नाहीस.

ती माझी कुणी लागत नाही. पण तिचं काही बरंवाईट झालं तर त्यात तुझा हात असेल आणि माझाही. फोन दोनदा लावला, दोन्ही वेळा बसवंतदादानं उचलला, म्हणून पत्र; मिळेल त्या क्षणी तिच्या घरी जा. बसवंतदादाला कळलं तर कळू दे.

सुकन्या

*

लातूर
११ सप्टेंबर २०२५

चि. सुकन्या,

पत्र वाचलं, चप्पल घातली अन् निघाले. महालक्ष्म्यांचा फराळ द्यायचाय म्हणून डबा घेतला. बसवंतची आई म्हणून मला कुणी दारात अडवलं न्हाई.

सोमेश मिलवर होता. मंजुश्री भांडी घासत होती, एका हातानं. दुसऱ्याला फडकं बांधलेलं. सासू म्हणाली, “न्हाणीत घसरली.” मंजुश्रीजवळ गेले अन् हळूच म्हणाले, “तुझं सगळं सुकन्याकडं सुखरूप हाय.” तिच्या हातातनं पातेलं सुटलं. म्हणाली, “तरीच. हळदी-कुंकवापासनं विचारून राहिले, काय टिपलंस म्हणून. मोबाईल फोडला माझा.” ते माझ्यामुळं, सुकन्या.

म्हणाले, “चप्पल घाल.”

“कुठं?”

“बहीण कुठं असते तुझी?”

“उदगीरला. पण तुम्ही तर सुकन्याताईंच्या आत्या. तुम्ही कशाला?”

“चप्पल घाल म्हणाले ना!”

सासू दारात आडवी झाली. म्हणे, सोमेश येऊ द्या. मी म्हणाले, “येऊ द्या की. तोवर मी ओट्यावर उभी राहून गल्ली गोळा करते. पहिलीला वेडी कशी केली ते सांगते अन् हिचा हात दाखवते. तुमच्या नात्यातल्या बायका अजून फराळाला येऊन राहिल्यात.” सरकली बाजूला. ऑटोत बसेपर्यंत मी मंजुश्रीचा चांगला हात सोडला न्हाई.

उदगीरच्या गाडीत मी तिच्याशेजारी बसले. तिच्या बहिणीच्या, दानम्माच्या, दारापर्यंत गेले. वाटेत शेंगा घेतल्या, तिला सोलून दिल्या.

बसवंत लई भडकला. म्हणाला, धंदा बुडवायला निघालीस. मी त्याला म्हणाले, तुझा भागीदार बायकांचे हात मोडतो, तुझा पण कधीतरी मोडंल.

आत्या

*

उदगीर
२८ सप्टेंबर २०२५

सुकन्याताई,

ताई म्हणावं का, कळत नाही. तुमचा पत्ता आत्यांनी दिला. फोन त्या घरात फुटला, म्हणून पत्र.

आधी राग लिहिते. तुम्ही माझं सगळं ऐकलंत. मला विचारलं नाहीत. मी रडलेलं, पाया पडलेलं, सगळं. कुणी ऐकावं म्हणून मी ते ठेवलं होतं हे खरं, पण कुणाला ऐकवायचं ते मी ठरवणार होते. आणि त्या दिवशी आत्यांनी मला बाहेर काढलं, पण त्याआधीचे आठ दिवस कुणामुळं तसे गेले तेही मला कळलंय.

आता दुसरं. तुम्ही न बघता पुसला असता तर आज माझ्याकडं एक कागदसुद्धा नसता. तुम्ही पाठवलेला पेनड्राइव्ह घेऊन दानम्मा आणि मी पोलिसांत गेलो. तक्रार घेतली आहे. वकीलबाई चांगल्या मिळाल्या. तपासाला वेळ लागेल म्हणतात. तोवर तो सगळ्यांना सांगतोय, बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली.

आत्या म्हणाल्या, तुम्हाला मेळाव्यात ते ऐकवायचं आहे आणि माझ्यासाठी थांबला आहात. तुमच्याबद्दलचं वाक्य तुमचं आहे. ते घ्या. त्याच्यापुढं माझा आवाज सुरू होतो, तो एक सेकंदही ऐकवू नका.

मी येणार नाही. मला अजून त्याच्यासमोर उभं राहता येत नाही. पण तुम्ही त्याच्याकडं नीट बघा आणि मला सगळं लिहा. काही सोडू नका. मला पण ते पाहिजे आहे.

पोलिसांचं काम झालं की लॅपटॉपमधलं माझं सगळं पुसा, परत निघणार नाही असं. मग तो तुम्हीच वापरा.

मंजुश्री

*

नांदेड
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजुश्री,

काल मेळावा झाला. सांगितल्याप्रमाणं काही सोडत नाही.

मी रीतसर नाव नोंदवलं होतं. माहेरचं आडनाव, वर्गवारी घटस्फोटित. यादी त्यानं वाचलीच नव्हती. मधल्या खुर्चीत फेटा बांधून बसला होता. सुरुवातीला त्यानं भाषण केलं, “संसार म्हणजे दोघांनी एकमेकांचा मान ठेवणं.” मी तिसऱ्या रांगेत होते. आत्या माझ्या शेजारी, हातात रिकामी पिशवी पिळत बसलेली. बसवंतदादा व्यासपीठाच्या पायऱ्यांजवळ.

घटस्फोटितांना सगळ्यात शेवटी बोलावलं. मी वर गेले तेव्हा त्यानं मला ओळखलं. हसला. तुझा मोबाईल फोडला म्हणजे टिपलेलं गेलं असं तो धरून बसला असणार, आणि मी लग्नासाठी त्याच्या मांडवात आले, म्हणजे हरलेच.

सूत्रसंचालकानं विचारलं, “शिक्षण, व्यवसाय?”

“बी.ए. नांदेडला स्वतःचं अल्बम डिझाइनचं दुकान आहे.”

“घटस्फोटाचं कारण?”

हे ते फक्त मुलींना विचारत होते, मुलांना नाही. मी म्हणाले, “कारण मधल्या खुर्चीत बसलंय. त्याच्याच तोंडून ऐका.” आणि मोबाईल माईकला लावला.

पहिलं वाक्य झालं तेव्हा लोक आपापसात बोलत होते. “धडधाकट होती” इथं सगळं थांबलं. “कागद करून आणला” इथं तो उठला. “वेडी हाय ही! माईक बंद करा!” असा ओरडला. तोच आवाज, तोच शब्द. ज्यांना आधी ओळखू आलं नव्हतं, त्यांनाही तेव्हा कळलं की मोबाईलमधला आवाज कुणाचा. माईकवाल्यानं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. तुझ्या आवाजाच्या आधीच कापलेलं आहे, काळजी करू नकोस.

तो माझ्या अंगावर आला. मी मागं सरले नाही. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं उठून मध्ये आले. आत्या खालून ओरडत होती, “हात लाव! सगळ्यांसमोर लाव हात!” त्याचा फेटा सुटून खांद्यावर आला होता आणि ते त्याच्या लक्षातच नव्हतं. घाम कानामागून वाहत होता. एक वयस्क गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन व्यासपीठापाशी आले, छातीवरचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेले. त्यांच्या मागोमाग बरेच उठले. त्याची आई खुर्चीवर बसून “खोटं हाय, खोटं हाय” म्हणत होती, पण तिच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. तो मागच्या दारानं गेला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. माझी माफीही कुणी मागितली नाही, इतक्या जणांनी मला वेडी म्हटलं होतं तरी.

मला कसं वाटलं? लई बरं वाटलं. परत येताना मी आणि आत्यानं बसस्टँडवर भजी खाल्ली आणि मी जोरजोरात हसले.

तुला न विचारता ऐकलं, त्याबद्दल काय लिहू? मला त्याचा सूड पाहिजे होता, तुझी मदत करायला मी बसले नव्हते. हे खरं आहे, म्हणून लिहिते.

तुझी
सुकन्या

*

नांदेड
१८ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न.

आज दुकानात बसवंतदादा आला होता. तुला सांगून आला नसेल.

चहा झाल्यावर म्हणाला, “सोमेशनं पाठवलंय. आईनं लॅपटॉप नेला ते त्याला दुकानदाराकडनं कळलं. ते सगळं पुसून टाक म्हणतो. मेळाव्यावाल्यांनी काढून टाकलं, मिलवर व्यापारी येईनात. तो माफी मागायला तयार हाय. लॅपटॉप समोर पुसला तर बाकीचं बघून घेतो म्हणाला.”

मी विचारलं, “तू कुणाकडून आलास? माझा भाऊ म्हणून का त्याचा भागीदार म्हणून?” “सोमेशला काय सांगू तेवढं बोल,” म्हणाला. तेव्हाच ठरवलं.

आत्या, मी तो आज पुसणारच होते. पोलिसांनी पंचनामा करून डिस्कची नक्कल ताब्यात घेतली आहे, आणि आता पुसायला हरकत नाही असं वकीलबाईंनी परवाच लेखी दिलं. बसवंतदादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. म्हणाले, “बस. तुझ्यासमोर पुसते.”

नुसतं डिलीट नाही, सगळ्या डिस्कवर वरून लिहायला लावलं. याला तास न् तास लागतात. तो बसून राहिला. मध्येमध्ये पडद्यावर बघायचा, बाहेर जाऊन सोमेशला फोन करायचा. “पुसून राहिलीय, माझ्यासमोर. अर्धं झालं.” त्याच्या आवाजावरून कळत होतं, पलीकडचा किती खूश आहे ते. मी मुदखेडच्या एका लग्नाचे फोटो लावत बसले होते. घाई नव्हती मला. त्याला सबंध दुपार खूश राहू द्यायचं होतं.

पूर्ण झाल्यावर दादाला बोलावून दाखवलं. काही उरलं नव्हतं. त्याचा चेहरा एकदम हलका झाला. म्हणाला, “शहाणी हायस. मिटलं बघ.” तिथंच फोन लावला, “सोमेश, गेलं सगळं.”

मी म्हणाले, “त्याला सांग, मंजुश्रीच्या सांगण्यावरून पुसलं. तिचं होतं, म्हणून. आणि नक्कल पोलिसांकडं आहे. पुढच्या आठवड्यात खटला दाखल होतोय. ती कशी पुसायची, हे त्यानं त्यांना विचारावं.”

दादा फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. पलीकडून “काय म्हणाली? काय म्हणाली?” असं मला इथं ऐकू येत होतं. शेवटी त्यानं सांगितलं. मग पलीकडून फोन बंद झाला.

तो आता संध्याकाळच्या गाडीनं निघालाय. पत्र मिळायच्या आत तुझ्याकडं पोचेल. मिलचं काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू दे, त्यात तू पडू नकोस. तो भुकेला येईल, मी जेव म्हणाले तरी जेवला नाही. पहिल्या दिवशी तू त्याला वाढलंच असशील, तर राहू दे. पुढच्या वेळी मात्र त्याला एवढं विचार, की माझं लग्न मोडलं तेव्हा सोमेशकडं निरोप घेऊन तू एकदा तरी का गेला नाहीस. आणि उत्तर देईपर्यंत ताट पुढं करू नकोस.

तुझी
सुकन्या